एकर-गुंठे, बिघडलेले गट नंबर आणि जोडलेले सेल: ११ एक्सेल फायली आर भाषेत कशा साफ कराव्यात?

बांधावरून (प्रश्न)

कऱ्हाड आणि पाटण तालुक्यातल्या शेतकरी सभासदांच्या नोंदणीच्या ११ एक्सेल फायली आहेत, सगळ्या मिळून साधारण १,९०० ओळी. २०२४ च्या जून-जुलैमध्ये वेगवेगळ्या संगणकांवर भरलेल्या. सगळ्यांचा मिळून एकच तक्ता हवा आहे: एका ओळीत एक शेतकरी, एक गट, एक हंगाम, एक पीक. आर ही आकडेवारीची संगणकीय भाषा आणि तिच्यातली टायडीव्हर्सची पॅकेजेस रोजच्या वापरात आहेत, पण या फायलींना हात कुठून घालायचा ते ठरत नाही. अडचणी अशा:

१. वर तीन ओळी मथळा. त्याखाली दोन ओळींचं शीर्षक: पहिल्या ओळीत 'खरीप' आणि 'रब्बी' जोडलेल्या सेलमध्ये, दुसऱ्या ओळीत प्रत्येकाखाली 'पीक', 'क्षेत्र', 'उत्पादन'.

२. गावाच्या रकान्यात कुठे गावाचं नाव, कुठे वरच्यासारखंच म्हणून खुणा ('--//--', 'वरीलप्रमाणे'), कुठे नुसतं रिकामं. प्रत्येक गावाखाली 'एकूण' अशी ओळ.

३. एकच गाव चार तऱ्हांनी लिहिलेलं: रेठरे बुद्रुक, रेठरे बु., रेठरे (बु), रेठरे बुद्रूक. 'कऱ्हाड' डोळ्यांना सगळीकडे सारखं दिसतं, पण काउंट केलं की तीन वेगळ्या ओळी येतात.

४. आकडे कुठे मराठी, कुठे इंग्रजी. काही ठिकाणी 'निरंक', काही ठिकाणी आडवी रेघ.

५. गट नंबरच्या रकान्यात ४५३०३, २४५३२ असले आकडे येतात. एवढे मोठे गट नंबर या गावांत नाहीत.

६. क्षेत्र एकर-गुंठ्यांत: २.२०, १.३, ०.७५. हे दशांश एकर की एकर आणि गुंठे, कळायला मार्ग नाही. चार फायलींत शेजारी सातबाऱ्यावरचं क्षेत्र हेक्टर-आरमध्येही आहे.

७. नोंदणी दिनांक काही फायलींत नुसते आकडे, दोन फायलींत आकडे आणि '१३/०६/२०२४' अशी अक्षरं मिसळलेली.

एक्सेलमध्येच शोधा-बदला करून आधी नीट करावं, की सगळं आरमध्येच?

---

स्तंभ_ओळ

सगळं आरमध्येच. मूळ फायली 'कच्चे' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा, त्यांना फक्त वाचण्याची परवानगी द्या आणि पुन्हा उघडून सेव्ह करू नका. एक्सेल उघडताना-सेव्ह करताना आणखी सेल बदलू शकतं, आणि शोधा-बदला कुठे काय केलं याची नोंद राहत नाही. (फंक्शनांची नावं इथे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थातच रोमन.)

वाचणं. रीडएक्सेल पॅकेजच्या रीड_एक्सेलला कॉल_टाइप्स 'टेक्स्ट' द्या, सगळ्या रकान्यांना. प्रकार ओळखायचं काम त्याच्यावर सोडलंत तर ते पहिल्या १,००० ओळी पाहून ठरवतं, आणि एकदा रकाना संख्येचा ठरला की पुढे आलेला 'निरंक' इशारा देऊन रिकामा करून टाकतं. इशारे ११ फायलींच्या गर्दीत वाहून जातात. टेक्स्ट म्हणून वाचल्यावर दोन गोष्टी वेगळ्या दिसतील, घाबरू नका. तारखेचे सेल क्रमांकाच्या रूपात येतील, आणि काही दशांश संख्यांना लांब शेपूट येईल, १२.३ ऐवजी १२.३००००००००००००००१ असं. संख्या करताना राउंड केलं की शेपूट जाते.

वरच्या तीन ओळी स्किपने टाळू नका. रीड_एक्सेल सुरुवातीच्या रिकाम्या ओळी आपणहून गाळतं, त्यामुळे एखाद्या फायलीत वर एक रिकामी ओळ जास्त असली तर मोजणी सरकते. रेंजमध्ये सेल_रोज देऊन नेमक्या ओळी मागा. रेंज दिली की ते तिचंच ऐकतं.

दोन ओळींचं शीर्षक. ओळ ४ आणि ५ वेगळ्या वाचा, कॉल_नेम्स फॉल्स. जोडलेल्या सेलमध्ये मजकूर फक्त डावीकडच्या पहिल्या सेलला असतो, बाकीचे एनए (किंमत नसल्याची आरची खूण). त्यामुळे 'खरीप' एकदाच दिसेल आणि पुढचे दोन रकाने रिकामे. टायडीआरचं फिल (रिकाम्या सेलमध्ये वरची किंमत उतरवणारं फंक्शन) आडवं चालत नाही, म्हणून या दोन ओळी ट्रान्सपोज करून उभ्या करा, मग वरून खाली फिल करा. जिथे दुसरी ओळ रिकामी आहे (अ.क्र., गाव, गट नं. यांची शीर्षकं उभी जोडलेली असतात) तिथे पहिलीच घ्या, बाकी ठिकाणी दोन्ही अधोरेषेने जोडा: 'खरीप_पीक', 'खरीप_क्षेत्र'. एक धोका इथेच आहे: फिल करताना शेवटच्या 'रब्बी'च्या उजवीकडे 'शेरा' सारखा रकाना असेल आणि त्याचं शीर्षक चुकून दुसऱ्या ओळीत असेल, तर तो 'रब्बी_शेरा' होतो. ११ फायलींची तयार शीर्षकं एकाखाली एक छापून एकदा डोळ्यांखालून घाला. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि ते चुकलं तर पुढचं सगळं चुकतं.

नंतर पिव्हट_लाँगर: नेम्स_सेप अधोरेषा, नेम्स_टूमध्ये पहिलं 'हंगाम' आणि दुसरं टिंबाने सुरू होणारं खास '.व्हॅल्यू'. यामुळे पीक, क्षेत्र, उत्पादन हे वेगळे रकाने राहतात आणि हंगाम ओळींत उतरतो. '.व्हॅल्यू' न वापरता सगळं एका रकान्यात आणून परत पसरवणारे बरेच दिसतात. त्यात एकाच शेतकऱ्याच्या दोन ओळी असल्या की याद्यांचे रकाने तयार होतात.

वरच्यासारखंच. इथे घाई केली की माहिती बिघडते. खूण केलेला सेल आणि खरोखर रिकामा सेल एक नाहीत. खूण म्हणजे 'वरचंच गाव', रिकामं म्हणजे कदाचित 'विचारलंच नाही'. आधी खऱ्या रिकाम्या सेलना 'रिकामे' असा तात्पुरता शब्द द्या, खुणांना एनए करा, फायलीच्या नावाने ग्रुप_बाय करून फिल खाली, आणि मग 'रिकामे' परत एनए. ग्रुप_बाय विसरलात तर एका फायलीचं शेवटचं गाव पुढच्या फायलीच्या डोक्यावर बसतं. आणि हे सगळं कुठलीही ओळ गाळण्याआधी, क्रम बदलण्याआधी. वाचल्याबरोबर फायलीचं नाव आणि मूळ ओळ क्रमांक असे दोन रकाने जोडा, ते शेवटपर्यंत काढू नका.

'एकूण'च्या ओळी फेकू नका, वेगळ्या तक्त्यात काढून ठेवा. तपासणीला कामी येतात.

निरंक म्हणजे शून्य, तो आकडा आहे: पीक घेतलं, उत्पादन काही नाही. आडवी रेघ म्हणजे काय ते फाइल भरणाऱ्यालाच विचारा. कुणी ती शून्यासाठी ओढतं, कुणी 'लागू नाही' म्हणून. दोन्ही एनएमध्ये ढकलले तर सरासरी उतारा (एकरी उत्पादन) वाढून दिसेल, दोन्ही शून्य केले तर घटून.

---

अनुस्वार

'कऱ्हाड'चं कोडं युनिकोडचं आहे. त्यातला ऱ तीन तऱ्हांनी साठवलेला असतो:

पहिली तऱ्हा, ऱ हे एकच अक्षर (संकेतांक ०९३१). दुसरी, साधा र आणि त्याला जोडलेला नुक्ता (खालचं टिंब). तिसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक. मराठी कीबोर्डनुसार यांतलं कुठलंही येतं.

पहिल्या दोन तऱ्हा स्ट्रिंगआयच्या स्ट्राय_ट्रान्स_एनएफसी या फंक्शनने एक होतात: र अधिक नुक्ता मिळून ०९३१ बनतो. तिसरी मात्र एनएफसीला कळत नाही. आणि इथे बहुतेकजण चुकतात ते असं की 'न दिसणारी अक्षरं काढून टाका' म्हणून जोडक सरसकट पुसतात. जोडक पुसला की मागे राहतो साधा र आणि हलन्त, त्याचा रफार होतो आणि कऱ्हाडचं 'कर्हाड' होऊन बसतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी 'र, हलन्त, जोडक' या तिघांच्या जागी 'ऱ, हलन्त' ठेवा, मग एनएफसी, आणि त्यानंतर उरलेले जोडक आणि विजोडक (अक्षरं जोडू न देणारी, तशीच न दिसणारी खूण) पुसा. शेतकऱ्यांच्या नावांत कुऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे येणारच, तिथेही हेच.

असाच दुसरा जुळा 'ॲ' आहे. एक स्वतंत्र अक्षर (०९७२), दुसरा 'अ' वर चंद्र लावून केलेला. एनएफसी यांना एक करत नाही, हाताने नियम लिहावा लागतो.

सगळं एकाच फंक्शनमध्ये ठेवा आणि वाचल्याबरोबर अक्षरांच्या प्रत्येक रकान्यावर चालवा. त्याच फंक्शनमध्ये मराठी अंकांचे इंग्रजी अंक करा. बेस आरचं चारटीआर पुरतं: ० ते ९ मराठी एका बाजूला, इंग्रजी दुसऱ्या बाजूला. हे न करता ॲज.न्यूमेरिक केलंत तर मराठी अंकांचा एनए होतो. शेवटी स्ट्र_स्क्विश, कारण बेसचं ट्रिमडब्ल्यूएस न तुटणारी मोकळी जागा ओळखत नाही आणि व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या मजकुरात ती असू शकते.

आरची आवृत्ती ४.२.० च्या आधीची आणि संगणक विंडोजचा असेल तर आधी आर अद्ययावत करा. जुन्या आवृत्त्यांत विंडोजवर यूटीएफ-८ हे मूळ एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) नव्हतं, आणि मराठी मजकूर कंसातल्या संकेतांकांसारखा दिसायचा. सीएसव्ही कुणी पाठवली आणि त्यात नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर ती फाइल गेली असं समजा, मूळ एक्सेल मागवा. प्रश्नचिन्हांतून अक्षर परत येत नाही.

एखाद्या फायलीत मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसली तर ती कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटची असेल. ती अक्षराला अक्षर बदलून सुटत नाही. ऱ्हस्व वेलांटी तिथे व्यंजनाच्या आधी टाइप केलेली असते आणि रफार नंतर, त्यामुळे क्रमही हलवावा लागतो. त्या फाँटसाठीच बनवलेला रूपांतरक वापरून मग आरमध्ये आणा.

आता गावं. कंसातला मजकूर काढून टाकायचा नियम चुकूनही लिहू नका. रेठरे बुद्रुक आणि रेठरे खुर्द ही दोन वेगळी गावं आहेत, आणि '(बु)', '(खु)' पुसलं की दोन्ही 'रेठरे' होतात. वडगाव हवेली आणि वडगाव उंब्रज यांचंही तसंच: दुसरा शब्द गाळला तर गाव हरवतं. अंतर मोजून जवळचं नाव लावणारं स्ट्रिंगडिस्ट पॅकेज इथे सुचवायला वापरा, ठरवायला नाही. ते संकेतांक मोजतं, अक्षर नाही, त्यामुळे 'बु.' आणि 'खु.' यांच्यात त्याला एकाच अक्षराचा फरक दिसतो, तर 'बु.' आणि 'बुद्रुक' यांच्यात त्याहून किती तरी जास्त. आपल्याला नेमकं उलट हवं असतं.

खात्रीचा रस्ता म्हणजे जुळणी-तक्ता. फाइल, तालुका आणि लिहिलेलं गाव यांचा काउंट काढा, १,९०० ओळींत अशा वेगळ्या जोड्या फार तर दोन-तीनशे निघतील. सीएसव्हीमध्ये उतरवा, शेजारी 'प्रमाण नाव' आणि गावाचा सरकारी संकेतांक (लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला) असे दोन रकाने हाताने भरा. भरताना गावं माहीत असलेला माणूस शेजारी बसवा. मग लेफ्ट_जॉइनमध्ये रिलेशनशिप 'मेनी-टू-वन' द्या. जुळणी-तक्त्यात एकच नाव दोनदा शिरलं असेल तर ते तिथेच चूक देऊन थांबतं, नाहीतर ओळी गुपचूप दुप्पट होतात. जुळलं नाही ते अँटी_जॉइनने पाहा.

तालुक्याच्या नावावर एकट्या भिस्त ठेवू नका. तुमच्याकडे दोनच तालुके आहेत म्हणून चालेल, पण पुढे दुसऱ्या जिल्ह्यांच्या फायली आल्या तर कर्जत रायगडमध्येही आहे आणि अहिल्यानगरमध्येही, खेड पुण्यात आणि रत्नागिरीत, आष्टी बीडमध्ये आणि वर्ध्यात. जिल्हा आणि तालुका मिळूनच किल्ली करा, आणि जिल्ह्यांची जुनी-नवी नावं (अहमदनगर-अहिल्यानगर, उस्मानाबाद-धाराशिव) त्याच तक्त्यात घ्या.

---

गटवारी

गट नंबर, दिनांक आणि क्षेत्र हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. दिनांकापासून सुरुवात करा, कारण फाइल कोणत्या सेटिंगच्या संगणकावर भरली ते दिनांकावरून कळतं, आणि ते कळल्याशिवाय गट नंबर सोडवता येत नाहीत.

दिनांक. ज्या फायलींत सगळे दिनांक आकडे आहेत तिथे संगणक दिवस-महिना सेटिंगवर होता. जॅनिटरचं एक्सेल_न्यूमेरिक_टू_डेट चालवा, किंवा ॲज.डेटला सुरुवात ३० डिसेंबर १८९९ द्या. १ जानेवारी १९०० नाही, कारण एक्सेल १९०० हे लीप वर्ष धरतं, जे ते नव्हतं.

ज्या दोन फायलींत आकडे आणि अक्षरं मिसळली आहेत तिथे संगणक अमेरिकी, महिना-दिवस सेटिंगवर होता. कुणीतरी ५/६/२०२४ टाइप केलं ते ५ जून म्हणून, संगणकाने ते ६ मे म्हणून साठवलं. १३/०६/२०२४ आलं तेव्हा तेरावा महिना नसल्याने ते अक्षरंच राहिलं. म्हणजे जे आकडे दिसतात ते सगळे *चुकलेले* आहेत आणि जी अक्षरं राहिली तीच बरोबर. नेमकं उलट वाटतं, म्हणून लोक अक्षरांवर मेहनत घेतात आणि आकडे तसेच सोडतात. ताडून पाहायची खूण: नोंदणी जून-जुलैतच झाली असेल तर या दोन फायलींतल्या आकडी तारखांचा दिवस नेहमी ६ किंवा ७ असेल आणि महिने जानेवारी ते डिसेंबर विखुरलेले असतील. तसं दिसलं की आकडी तारखांत दिवस आणि महिना अदलाबदल करा, अक्षरांवर ल्युब्रिडेटचं डीएमवाय चालवा, आणि कोणती तारीख कोणत्या वाटेने आली तो रकाना ठेवा.

गट नंबर. ४५३०३ म्हणजे १२ जानेवारी २०२४. कुणीतरी गट '१२/१' टाइप केला, एक्सेलने तारीख केली आणि चालू वर्ष आपणहून जोडलं. अमेरिकी सेटिंगच्या फायलीत तोच '१२/१' १ डिसेंबर होतो, म्हणजे ४५६२७. म्हणून उलटं करताना फायलीप्रमाणे 'दिवस/महिना' की 'महिना/दिवस' ते वरच्या दिनांकावरून घ्या.

२४५३२ ही १ मार्च १९६७ आहे. इथे गट '३/६७' होता. ६७ हा ना दिवस ना महिना, तेव्हा एक्सेलने महिना आणि वर्ष धरलं आणि दिवस १ लावला. तेव्हा नियम असे:

वर्ष २०२४ नसेल आणि दिवस १ असेल: महिना/वर्षाचे शेवटचे दोन अंक.

वर्ष २०२४ असेल आणि दिवस १ नसेल: फायलीच्या सेटिंगप्रमाणे दिवस/महिना किंवा महिना/दिवस.

वर्ष २०२४ आणि दिवस १: दिवस-महिना सेटिंगच्या फायलींत इथे थांबा. १ मार्च २०२४ हा '१/३' चाही असू शकतो आणि '३/२४' चाही. सेलमधून हे सुटणारच नाही, सातबारा किंवा मूळ कागदी अर्ज पाहावा लागेल. (अमेरिकी सेटिंगच्या फायलीत '३/२४' ही २४ मार्च होते, त्यामुळे तिथे हा घोळ नाही.)

११२/३ किंवा १२/१अ असले गट वाचतात, कारण ते कुठल्याच तारखेत बसत नाहीत. रकान्यात जे 'नीट' दिसतात ते पाहून सगळा रकाना नीट आहे असं समजू नका. १०,००० ते ५०,००० मधली प्रत्येक पूर्ण संख्या तारीख माना, एवढ्या आकड्याचे गट नंबर या गावांत नाहीत. आणि गट नंबर कधीही संख्या करू नका. हिस्सा, पोटहिस्सा, 'अ', 'ब' सगळं अक्षरांतच राहिलं पाहिजे.

क्षेत्र. इथे सर्वांत जास्त वेळ द्या. पैसे, अनुदान, उतारा सगळं यावर मोजलं जातं.

हेक्टर-आर निर्धोक आहे: १०० आर म्हणजे एक हेक्टर, त्यामुळे १.०५ हे 'एक हेक्टर पाच आर' आणि दशांश हेक्टर दोन्ही एकच. एकर-गुंठ्यात ४० गुंठ्यांचा एकर, त्यामुळे २.२० म्हणजे दोन एकर वीस गुंठे, म्हणजे अडीच एकर. दशांश समजलात तर प्रत्येक अशा ओळीत बारा गुंठे गायब होतात.

आधी फायलीप्रमाणे अपूर्णांक भागाचा काउंट काढा आणि वाचा:

दोन अंकी, ०१ ते ३९ मध्येच सगळे: एकर-गुंठे.

.५०, .७५ असे ४० च्या वरचे दिसले: तिथे दशांश एकर लिहिले आहेत, कारण गुंठे ३९ च्या पुढे जात नाहीत. मग त्याच फायलीतला .२५ हा पंचवीस गुंठे की पाव एकर, म्हणजे दहा गुंठे, हा प्रश्न उभा राहतो.

एक अंकी .१, .२, .३: एक्सेलने शेवटचं शून्य खाल्लं असेल (२.२० चं २.२) किंवा माणसाने दोन गुंठे लिहायला .०२ ऐवजी .२ लिहिलं असेल.

एक अंकी .५: सगळ्यांत वाईट. पाच गुंठे किंवा अर्धा एकर, वीस गुंठे. .५० गुंठे असूच शकत नाहीत, त्यामुळे 'शून्य खाल्लं' हे कारण इथे लागू पडत नाही.

पुरावा तीन ठिकाणी मिळतो. एक, सेलचं फॉरमॅट: टायडीएक्सेल पॅकेज प्रत्येक सेलचं संख्या-फॉरमॅट वाचून देतं. फॉरमॅट दोन दशांशांचं असेल तर टाइप करणाऱ्याला पडद्यावर २.२० दिसत होतं, दोन गुंठे म्हणायचे असते तर बहुधा लक्षात आलं असतं. दोन, सातबाऱ्यावरचं क्षेत्र. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौ.मी., म्हणजे एक आरला थोडासा जास्त. ०.८० हेक्टर म्हणजे ७९ गुंठे, एक एकर ३९ गुंठे. पण गट सामाईक असेल तर सातबाऱ्यावरचं क्षेत्र सगळ्यांचं मिळून असतं, म्हणून ते वरची मर्यादा म्हणूनच वापरा. तीन, उतारा: सोयाबीनचा एकरी २५ क्विंटलच्या वर दिसला तर आधी क्षेत्रावर संशय घ्या. उत्पादनाच्या रकान्यात पोती आणि टन मिसळले आहेत का तेही पाहा, ऊस टनांत असतो आणि बाकी क्विंटलमध्ये.

मोजताना दशांश रूप ठेवूच नका. पूर्ण गुंठे करा: एकर गुणिले ४०, अधिक गुंठे. गुंठे काढताना राउंड वापरा, ट्रंक किंवा ॲज.इंटिजर नाही. १.१५ मधून १ वजा करून १०० ने गुणलं तर संगणकात १४.९९९… येतं, आणि ट्रंक केलं की पंधराचे चौदा गुंठे होतात.

'एकूण'च्या ओळी आता तपासा. एक्सेलमध्ये २.२० आणि १.३० ची बेरीज ३.५० येते. खरी बेरीज चार एकर दहा गुंठे. फायलीतली 'एकूण' दशांश बेरजेशी तंतोतंत जुळत असेल, तर ती सम फंक्शनने आलेली आहे आणि एकर-गुंठ्याच्या फायलीत ती चुकीचीच आहे. तिच्यावरून कुठे अहवाल गेला असेल तर संबंधितांना कळवा.

---

बांधावरून

खूप आभार. क्रमाने लावलं. शीर्षकात एका फायलीत खरंच 'रब्बी_शेरा' निघाला. दिनांकाचं गटवारी यांनी सांगितलं तसंच आहे: त्या दोन फायलींत दिवस फक्त ६ आणि ७. गटांपैकी १४ ओळी '२०२४ आणि दिवस १' मध्ये अडकल्या आहेत. क्षेत्रात एक अंकी अपूर्णांकाच्या ६१ ओळी उरल्या. अजून दोन प्रश्न. नावांपुढचे 'श्री.', 'सौ.', 'कै.' काढायचे, त्यासाठी एकच नियम चालेल ना? आणि त्याच गावात 'संजय पाटील' तीनदा आहे, ते डिस्टिंक्टने एक करू का?

---

अनुस्वार

'कै.' आधी वेगळ्या रकान्यात उतरवा, मग पुसा. ती माहिती आहे: खातेदार हयात नाही, वारसनोंद झालेली नसेल. पुसून टाकलीत तर मयत माणसाच्या नावावर पुढची पत्रं जातील. 'सौ.' सुद्धा ठेवून द्या, महिला खातेदार मोजताना लागेल, फक्त 'सौ.' नाही म्हणजे पुरुष असा अर्थ काढू नका.

संजय पाटील तीन असले तर तिघं असू शकतात. नावावर डिस्टिंक्ट नको. गाव, गट आणि मोबाईल तिन्ही सारखे असतील तरच एक धरा. मोबाईलमधून आधी अंक सोडून बाकी सगळं काढा, दहाहून जास्त अंक असतील तरच सुरुवातीचं ० किंवा ९१ काढा, मग दहा अंक आणि पहिला ६ ते ९ एवढं तपासा. एका घरात एकच फोन असतो, म्हणून एकट्या मोबाईलवर भरवसा ठेवू नका. बँक खाते क्रमांकाचा रकाना असेल तर तोही पाहा: एक्सेल संख्येचे १५ अंकच पाळतं, १६ वा अंक शून्य झालेला असतो आणि सुरुवातीची शून्यं गेलेली असतात. ते आरमध्ये दुरुस्त होत नाही, पासबुकावरूनच घ्यावं लागतं.

---

स्तंभ_ओळ

त्या १४ आणि ६१ ओळींवर अंदाजाचा नियम लावू नका. 'निर्णय' नावाची एक सीएसव्ही करा: फाइल, मूळ ओळ क्रमांक, रकाना, मूळ मजकूर, ठरलेली किंमत, कशावरून ठरलं (सातबारा, अर्ज, फोन), दिनांक. स्क्रिप्टमध्ये सर्वांत शेवटी रोज_अपडेटने ती लावा. यात पुढे एखादी फाइल दुरुस्त होऊन परत आली तरी निर्णय टिकतात, पण 'मूळ मजकूर' अजून तोच आहे का हे आधी स्टॉपइफनॉटने तपासा. ओळ सरकली असेल तर निर्णय भलत्याच शेतकऱ्याला लागेल.

जे सुटणार नाहीत ते एनए ठेवा आणि क्षेत्राच्या बेरजेशेजारी 'इतक्या ओळींचं क्षेत्र अनिश्चित' असा आकडा द्या. ६१ ओळी गावनिहाय छापून घेतल्या तर गावागणिक पाच-सहाच पडतील, एका फेरीत विचारून होतील. छापताना मूळ लेखन जसंच्या तसं आणि शेजारी दोन्ही अर्थ गुंठ्यांत लिहा: '२.२, म्हणजे ८२ गुंठे की १०० गुंठे?' शेतकऱ्याला 'दशांश की गुंठे' विचारू नका, 'किती गुंठे' एवढंच विचारा.

पुढच्या नोंदणीसाठी कोरी फाइल देताना गट नंबर आणि मोबाईलचे रकाने टाइप करण्याआधीच 'टेक्स्ट' फॉरमॅटमध्ये करून द्या, आणि एकर व गुंठे असे दोन वेगळे रकाने ठेवा, गुंठ्यांवर ० ते ३९ चं डेटा व्हॅलिडेशन लावून.